पॉप्लरची घरपट्टी

माझ्या मित्रमंडळींपैकी नगरसेवकाच्या निवडणुकीला न चुकता मतदान करणारे किती, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतील. लोकसभेला सगळे जातात, शाई लावलेल्या बोटांचे फोटोही येतात. पण महापालिका म्हटलं की ठरलेलं वाक्य: "अरे, ते गटार आणि दिवाबत्तीवाले ना? काय फरक पडतो?"

या प्रश्नावर मी हल्ली वाद घालत नाही, एक गोष्ट सांगतो. ती पुण्या-मुंबईची नाही, पूर्व लंडनमधल्या पॉप्लर नावाच्या बरोची आहे. बरो म्हणजे साधारण आपल्या नगरपालिकेसारखा प्रकार. आयटीतल्या बऱ्याच जणांनी पॉप्लर पाहिलंय, फक्त ते त्यांना माहीत नसतं. ऑनसाइटला कॅनरी व्हार्फमधल्या काचेच्या इमारतींत ज्यांनी दिवस काढले, ते त्या जुन्या बरोच्या हद्दीतच बसून कोड लिहीत होते. डीएलआरच्या गाडीतून 'पॉप्लर' नावाचं स्टेशन लागतं, आपण मोबाईलमधून मान वर न करता पुढे जातो. मीही कित्येक महिने तसाच जायचो.

तर आधी थोडी रचना समजून घेऊ. (कंटाळू नका, पुढे जेल आहे.)

१९०० साली लंडन शहराचे २८ महानगरी बरो करण्यात आले. पॉप्लर त्यातलाच एक. गोदी, गॅसचे कारखाने, रेल्वे, आणि या सगळ्यांत रोजंदारीवर राबणारी माणसं. या बरोंच्या डोक्यावर लंडन काउंटी कौन्सिल, म्हणजे अख्ख्या लंडनची कामं बघणारी मोठी संस्था. बरोच्या सगळ्या जागांची निवडणूक दर तीन वर्षांनी १ नोव्हेंबरला एकदम व्हायची. पॉप्लरमध्ये ४२ नगरसेवक निवडून यायचे, आणि ते मिळून आणखी ७ 'ऑल्डरमन' निवडायचे. आपल्याकडच्या स्वीकृत सदस्यांसारखं, पण यांना पूर्ण मताधिकार.

पॉप्लरमध्ये मजुरांचं राजकारण नवं नव्हतं. विल क्रुक्स हा लहानपणी काही काळ वर्कहाऊसमध्ये काढलेला माणूस १९०१ मध्येच इथला मेयर झाला होता. जॉर्ज लॅन्सबरी १९०३ पासून कौन्सिलवर होते. या लॅन्सबरींचा स्वभाव कळायला एक किस्सा पुरे. १९१० मध्ये ते याच भागातून खासदार झाले. १९१२ मध्ये, बायकांना मताधिकार मिळाला पाहिजे या एका मुद्द्यावर, त्यांनी हातातली खासदारकी सोडली आणि पोटनिवडणूक लढवली. आणि हरले! बायकांच्या हक्कासाठी लढले, आणि मतदार सगळे पुरुष. निकाल काय लागणार होता?

पण कौन्सिलवर बहुमत मात्र मजुरांच्या हाती येत नव्हतं. याचं एक मोठं कारण मतदार यादीत होतं. तेव्हा नियम असा, की तुम्ही सरकारी गरीब-मदत घेतली असेल तर तुमचा मताधिकार जायचा. म्हणजे ज्या वर्षी नोकरी गेली, पोरं उपाशी राहिली आणि तुम्ही मदत मागितली, नेमक्या त्या वर्षी तुम्ही मतदार म्हणून संपलात. गोदीतल्या वस्तीत हे किती जणांच्या वाट्याला येत असेल, याची कल्पना करा.

१९१८ च्या कायद्याने हे बदललं. मदत घेतल्यामुळे मत जाणार नाही, असं ठरलं. स्थानिक निवडणुकांत भाडेकरूंना मत मिळणं सोपं झालं. मतदार असलेल्या माणसाच्या तीस वर्षांवरच्या बायकोलाही मत मिळालं. महायुद्धामुळे १९१२ नंतर बरोंच्या निवडणुका झाल्याच नव्हत्या. त्यामुळे १ नोव्हेंबर १९१९ ला सात वर्षांनी निवडणूक झाली, आणि ती जवळजवळ नव्या मतदारांसमोर झाली.

निकाल: ४२ पैकी ३९ जागा लेबर पक्षाला.

लॅन्सबरी मेयर झाले. नवे नगरसेवक कोण होते? गोदी कामगार, रेल्वेवाले, मजूर, काही घरच्या बायका. या मंडळींनी सत्तेत आल्यावर जे केलं ते त्या काळाच्या मानाने भलतंच होतं. १९२० मध्ये त्यांनी कौन्सिलच्या कामगारांना किमान पगार ठरवला: आठवड्याला ४ पौंड, पुरुष आणि बाई दोघांनाही तेवढाच. समान कामाला समान पगार यावर आपण आजही चर्चा करतो. यांनी ठराव केला आणि द्यायला सुरुवात केली.

आणि मग मंदी आली. १९२० च्या अखेरीपासून गोदीत काम मिळेना. बेकारांचे लोंढे गरीब-मदतीच्या दाराशी. आता इथे खरी ग्यानबाची मेख आहे, आणि ती आहे घरपट्टीत.

त्या वेळी बेकारांना घरी दिल्या जाणाऱ्या मदतीचा खर्च त्या-त्या भागाने स्वतः करायचा, असा नियम. पैसा यायचा घरपट्टीतून. घरपट्टी घराच्या अंदाजे भाड्यावर. आता पॉप्लरमध्ये घरं म्हणजे खुराडी आणि वेस्टमिन्स्टरमध्ये हवेल्या, क्लब आणि बँका. घरपट्टीचा दर पौंडामागे एक पेनीने वाढवला, तर पॉप्लरमध्ये जेवढी रक्कम जमायची तिच्या साधारण नऊपट वेस्टमिन्स्टरमध्ये जमायची. पण बेकार कुठे? पॉप्लरमध्ये. म्हणजे ज्याच्याकडे गरीब जास्त, त्याच्याकडे पैसा कमी, आणि म्हणून त्याने कर जास्त लावायचा! आणि हा कर मालक भाड्यात घालून वसूल करणार, म्हणजे शेवटी भरणार तोच गोदीवाला.

आमच्या भाषेत सांगायचं तर लोड बॅलन्सिंगच नव्हतं. सगळ्यात लहान सर्व्हरवर सगळ्यात जास्त ट्रॅफिक, आणि तो हँग झाला की म्हणायचं, याला मॅनेज करता येत नाही.

त्यात आणखी एक भर. प्रत्येक बरोने स्वतःच्या खर्चाशिवाय चार मोठ्या संस्थांसाठीही कर गोळा करून द्यायचा होता: काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि रुग्णालयं चालवणारं असायलम्स बोर्ड. मार्च १९२१ मध्ये पॉप्लर कौन्सिलने ठरवलं, की आपल्या बेकारांना मदत देण्यापुरता कर लावायचा आणि या चौघांचे पैसे गोळाच करायचे नाहीत. मागणी एकच: श्रीमंत बरोंनी गरीब बरोंचा भार वाटून घ्यावा.

हे बेकायदेशीर होतं. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. लॅन्सबरींची भूमिका थोडक्यात अशी, की कायदा मोडणं आणि आपल्या मतदारांना उपाशी ठेवणं यांत निवड करायची असेल तर आम्ही कायदा मोडू आणि त्याची शिक्षाही भोगू.

काउंटी कौन्सिल आणि असायलम्स बोर्ड कोर्टात गेले. २९ जुलै १९२१ ला सुनावणी होती. नगरसेवक टॅक्सीने नाही गेले. अख्खी मिरवणूक काढली: पुढे बँड, कौन्सिलचा राजदंड घेतलेला चोपदार, गळ्यात साखळी घातलेले मेयर सॅम मार्च, आणि एक मोठा फलक, की पॉप्लर बरो कौन्सिल हायकोर्टात चाललंय आणि कदाचित तुरुंगात. मला हा फलक फार आवडतो. त्यात त्वेष नाही, आरडाओरडा नाही, नुसता कार्यक्रम जाहीर केलाय.

कोर्टाने पैसे भरा म्हणून सांगितलं. त्यांनी नाही म्हटलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला अटका सुरू झाल्या आणि कौन्सिलचे तीस सदस्य आत गेले. पुरुष ब्रिक्स्टनला, बायका हॉलोवेला. त्यात नेली क्रेसॉल होत्या, ज्या तेव्हा गरोदर होत्या. सुझन लॉरेन्स होत्या, ज्या पुढे खासदार झाल्या. लॅन्सबरींची सून मिनी होती. लॅन्सबरी कोठडीच्या खिडकीतून बाहेर जमलेल्या लोकांसमोर भाषणं करायचे. आणि सगळ्यात भारी म्हणजे यांनी तुरुंगातच कौन्सिलच्या बैठका घेतल्या! त्यासाठी हॉलोवेतून बायकांना गाडीत घालून ब्रिक्स्टनला आणावं लागे. कारभार चालूच, फक्त पत्ता बदललेला.

आता सरकारची पंचाईत झाली. निवडून आलेलं कौन्सिल तुरुंगात, कर वसूल होत नाही, आणि शेजारच्या बेथनल ग्रीन आणि स्टेपनी या बरोंनीही पॉप्लरच्या मागे जायचं ठरवलं. सहा आठवड्यांनी, १२ ऑक्टोबरला, नगरसेवकांना सोडलं. कुणीही माफी मागितली नव्हती, पैसेही भरले नव्हते. त्याच वर्षी घाईघाईने कायदा झाला आणि बेकारांच्या मदतीचा बराचसा भार संपूर्ण लंडनवर वाटला गेला. वेस्टमिन्स्टरच्या हवेल्यांतून पॉप्लरच्या खोल्यांकडे पैसा जाऊ लागला.

किंमतही मोजावी लागली. मिनी लॅन्सबरी १ जानेवारी १९२२ ला न्यूमोनियाने गेली. वय वर्षं ३२. तुरुंगात तिची तब्येत खालावली होती, असं तिच्या माणसांचं म्हणणं होतं. बो रोडवर तिच्या नावाचं एक घड्याळ आहे. बसच्या वरच्या मजल्यावरून जाताना दिसतं.

इथे थांबलो असतो तर सिनेमा झाला असता. पण इतिहास म्हणून दुसरी बाजू सांगायला हवी, आणि ती बाजू पोकळ नाही.

पहिला आक्षेप घरातूनच होता. हॅकनेचे लेबर मेयर हर्बर्ट मॉरिसन यांना हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की आपण राज्य चालवण्याच्या लायकीचे आहोत हे आपल्याला सिद्ध करायचंय, आणि त्यासाठी कायद्याने चालणं भाग आहे. आज आपण कायदा मोडला तर उद्या विरोधक आपला कायदा मोडतील. याला काय उत्तर आहे? मला तरी सोपं उत्तर सापडत नाही.

दुसरा आक्षेप कर भरणाऱ्यांचा: मदत घेणाऱ्यांनी मतं द्यायची, मदत देणाऱ्यांनी निवडून यायचं, आणि बिल तिसऱ्याच्या नावावर. हा युक्तिवाद आपण आजही दर निवडणुकीत ऐकतो, फक्त 'रेवडी' हा शब्द नवा आहे. पॉप्लरकरांचं यावर उत्तर होतं, की गोदीतून श्रीमंत झालेलं लंडन एकच शहर आहे. मग फायदा शहराचा आणि बेकारी फक्त आमची, हे कसं?

मतदारांनी काय म्हटलं? नोव्हेंबर १९२२ मध्ये पुन्हा निवडणुका झाल्या. लंडनभर लेबरची धूळधाण उडाली. सबुरीने वागणाऱ्या मॉरिसन यांच्या हॅकनेमध्ये सत्ता गेली. आणि जेलमध्ये जाऊन आलेल्या पॉप्लरमध्ये टिकली. नुसती तेव्हाच नाही, १९६५ मध्ये पॉप्लर बरोच बरखास्त होईपर्यंत टिकली. यावरून बंडखोरी केली की मतं मिळतात, असा निष्कर्ष मी काढणार नाही. एवढंच म्हणेन, की ज्यांच्यासाठी ते आत गेले त्यांना ते कळलं होतं.

पण कोर्टाने काय म्हटलं? ४ पौंडांचा पगार आठवतोय ना? मंदीत महागाई उतरली, बाजारात मजुरी घसरली, पण पॉप्लरने पगार कमी केला नाही. सरकारी लेखापरीक्षकाने हा खर्च अवास्तव ठरवला आणि नगरसेवकांच्या खिशातून वसुली लावली. प्रकरण वर-वर गेलं. मधल्या कोर्टात नगरसेवक जिंकले, आणि शेवटी १९२५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये हरले. न्यायाधीशांचं म्हणणं साधारण असं, की कौन्सिल हे करदात्यांच्या पैशाचं विश्वस्त आहे, स्वतःच्या समाजवादी कल्पनांवर ते उधळता येणार नाहीत. बायकांना पुरुषांइतका पगार, यालाही त्यात टोमणा होता. शंभर वर्षांनी तो निकाल वाचताना टोमणा विचित्र वाटतो, पण विश्वस्ताचा मुद्दा मात्र विचार करायला लावतो. निवडून आलो म्हणजे हवं ते करायची सनद मिळाली का? आणि नसेल, तर मग मतदाराने नेमकं काय दिलं?

जाता जाता भारताचा एक धागा. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गांधीजी लंडनला गेले, तेव्हा हॉटेल नाकारून ते बो भागातल्या किंग्जली हॉलमध्ये राहिले. ती जागा याच पॉप्लर बरोमध्ये. तिथल्या यजमान म्युरिअल लेस्टर या स्वतः काही काळ पॉप्लर कौन्सिलवर होत्या. गांधीजी जवळजवळ तीन महिने ज्या गल्ल्यांतून पहाटे फिरायचे, तिथल्या लोकांना, तत्त्वासाठी तुरुंगात जाणं म्हणजे काय, हे समजावून सांगायची गरज नव्हती.

१९६५ मध्ये पॉप्लर, स्टेपनी आणि बेथनल ग्रीन एकत्र करून टॉवर हॅम्लेट्स हा नवा बरो झाला. नाव बदललं, पण मताची किंमत शिकवायची सवय काही गेली नाही. १९८६ मध्ये लेबरचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या या बरोत लिबरल मंडळींनी निसटत्या बहुमताने सत्ता घेतली. सप्टेंबर १९९३ मध्ये मिलवॉल वॉर्डात, म्हणजे जुन्या पॉप्लरच्याच हद्दीत आणि कॅनरी व्हार्फच्या पायथ्याशी, पोटनिवडणूक झाली. शेजारी चकचकीत टॉवर उभे राहत होते आणि जुन्या रहिवाशांना घरं मिळत नव्हती. कुणाला आधी घर द्यायचं, यावरून बांगलादेशी कुटुंबांविरुद्ध वातावरण तापवलेलं. बीएनपी या उघड वर्णद्वेषी पक्षाचा उमेदवार तिथे जिंकला. किती मतांनी? सात!

सात मतं म्हणजे आपल्या सोसायटीतला एक मजला. रविवारी उशिरा उठणारा एक मजला.

पुढच्याच मे महिन्यात, १९९४ मध्ये, पुन्हा निवडणूक होती. आठ महिने लोक दारोदार फिरले, मतदानाची टक्केवारी उसळली आणि तो उमेदवार पडला. गंमत बघा, त्याची स्वतःची मतं आधीपेक्षा वाढली होती. तरीही पडला, कारण आधी घरी बसलेले बाहेर आले.

आणि कोर्ट विरुद्ध मतदार हा जुना खेळही परत झाला. २०१४ मध्ये थेट निवडून आलेले मेयर लुत्फुर रहमान यांची निवड २०१५ मध्ये निवडणूक न्यायालयाने गैरप्रकारांबद्दल रद्द केली आणि त्यांना पाच वर्षं उभं राहायला बंदी घातली. तक्रार घेऊन जाणारे होते चार साधे मतदार. २०२२ मध्ये रहमान पुन्हा उभे राहिले आणि मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. लॅन्सबरींशी त्यांची तुलना मी करत नाहीये. तिथे कायदा उघडपणे, सांगून मोडला होता, इथे आरोपच निवडणूक जिंकण्याच्या पद्धतीवर होता. पण शेवटचा शब्द कुणाचा, न्यायाधीशाचा की मतदाराचा, हा प्रश्न त्या मातीत शंभर वर्षं जिवंत आहे.

माझ्यापुरतं उत्तर असं: दोघांचाही नाही. कोर्ट हद्द आखतं, मतदार माणूस निवडतो, आणि हद्द चुकीची आहे असं वाटलं तर निवडून आलेल्याने ती उघडपणे ओलांडून किंमत मोजायची तयारी ठेवायची. लपूनछपून नाही. पॉप्लरवाले मला मोठे वाटतात ते कायदा मोडला म्हणून नव्हे, बँड लावून मोडला म्हणून.

आणि "काय फरक पडतो?" याचं उत्तर? पॉप्लरचा गरीब-मदतीचा नियम पार्लमेंटचा होता. नगरसेवकांना तो बदलायचा अधिकार नव्हता. तरी तो बदलला, कारण १९१९ च्या त्या नोव्हेंबरात ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा मत मिळालं, ते रांगेत उभे राहिले. गटार आणि दिवाबत्ती तर खरीच, पण त्याचं बिल कुणाच्या दारात जाणार, हे वॉर्डातच ठरतं. आपण त्या दिवशी झोपलो तरी ठरतंच.

असो. आज फारच लांबलं. मतदार यादीत तुमचं नाव शेवटचं कधी तपासलं होतं?